उषा उथुप : अनेक भाषा, एक आवाज

कोलकात्याच्या बेहाला भागात उषा उथुप यांचा ‘व्हायब्रेशन्स’ हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. 1947 मध्ये मुंबईत तमिळ कुटुंबात जन्म, भायखळ्याला शिक्षण आणि कर्मभूमी बंगाल, असा त्यांचा प्रवास. त्या किती भाषांत गातात याचीच चर्चा जास्त होते. अभ्यासकाने मात्र पाहायचे ते असे : भाषा बदलली तरी त्यांच्या गाण्यात काय बदलत नाही?

आवाज : शाळेत जाड आवाजामुळे त्यांना गाण्याच्या वर्गातून वगळले गेले. चित्रपटसंगीतात त्या काळी उंच पट्टीच्या, नाजूक स्त्रीस्वराचे राज्य होते. त्यांनी पट्टी चढवली नाही. खर्जातला आवाज शोभेल असे जॅझ आणि पॉप निवडले. 1969 च्या सुमारास मद्रासचा ‘नाइन जेम्स’ आणि पार्क स्ट्रीटवरील ‘ट्रिंकाज’ या नाइटक्लबांत त्या कांजीवरम नेसून इंग्रजी गाणी गाऊ लागल्या. नैरोबीत ‘मलाइका’ हे गाणे त्यांनी स्वाहिलीतच गायिले. समोरच्या श्रोत्याच्या भाषेत शिरायचे, पण स्वतःचा आवाज आणि पेहराव सोडायचा नाही, ही त्यांची रीत.

मर्यादा : हिंदी चित्रपटाने हा आवाज अरुंद चौकटीत बसवला. ‘हरि ओम हरि’ (1980) व ‘रंबा हो’ (1981) ही बप्पी लाहिरींची गाणी गाजली, पण त्यांत तो क्लब-डिस्कोपुरताच उरला. शिवाय ‘हरि ओम हरि’ची चाल ‘वन वे तिकीट’वरून उचललेली. उसनी चाल म्हणजे संगम नव्हे. ‘कालिंका’ या रशियन गाण्यावर बेतलेल्या ‘डार्लिंग’मध्ये (2011) मात्र उथुप आणि रेखा भारद्वाज यांचे भिन्न पोताचे स्वर एकमेकांना खुलवतात.

वाद : 1980 च्या दशकात राज्याचे मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी ‘अपसंस्कृती’ ठरवून सरकारी सभागृहे त्यांना बंद केली. उथुप न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. पुढे पद्मश्री (2011) व पद्मभूषण (2024) मिळाले. सन्मानांमुळे तो जुना आक्षेप मात्र निकालात निघत नाही. परके संगीत आपले कधी होते? उथुप यांच्या कारकिर्दीवरून उत्तर असे : गाणारा स्वतःचा स्वर राखून ते गातो आणि ऐकणारा ते आपले मानतो तेव्हा.

विचारार्थ प्रश्न : ‘हरि ओम हरि’ आणि ‘डार्लिंग’ ऐकून उसनवारी व संगम यांतील फरक स्पष्ट करा.