पाहुण्यांचे गळे

र्‍युइची साकामोतोची 'ब्यूटी' (१९८९) ही ध्वनिमुद्रिका मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडतो : ही नेमकी कोणाची? नाव साकामोतोचे, योजनाही त्याचीच. गळे मात्र देशोदेशीचे. सेनेगालचा युसू न्दूर, इंग्लंडचा रॉबर्ट वायट, अमेरिकेचा आर्टो लिंडसे, ओकिनावाच्या गायिका; आणि या साऱ्यांच्या मेळ्यात स्वतः साकामोतोही गातो.

त्याचा गळा गवयाचा नव्हे. आवाज पातळ, कोरडा. भावनेच्या कडेशी येऊन थबकणारा. 'द लास्ट एम्परर'च्या संगीताबद्दल १९८८ साली ऑस्करचा वाटेकरी झालेल्या माणसाने हा असला आवाज पुढे का करावा? कोणी याला हट्ट म्हणेल. मला तो तसा वाटत नाही.

'दियाबराम'मध्ये न्दूर गाऊ लागतो तेव्हा यजमान दारातून बाजूला होतो. तो आवाज चढत जातो, पसरतो, आणि भोवतालची वाद्ये त्याला जागा करून देण्यापलीकडे काही करीत नाहीत. हे औदार्य सोपे नाही. उलट रोलिंग स्टोन्सच्या १९६७च्या 'वुई लव्ह यू'ची नवी आवृत्ती मला गजबजलेली वाटते. वायट आहे, ब्रायन विल्सन आहे. इतके नामांकित पाहुणे, की कोणाशीच धड बोलणे होत नाही.

खरा पेच आहे तो 'असादोया युंता'चा. हे मूळचे ओकिनावाकडील ताकेतोमी बेटावरचे श्रमगीत. अठराव्या शतकातील कुयामा नावाच्या रूपवती स्त्रीने सरकारी अधिकाऱ्याला दिलेला नकार हा त्याचा विषय. १९३४ साली त्याला प्रमाण जपानीतले शब्द मिळाले, ते देशभर पसरले, आणि नकाराच्या जागी एक गोड प्रेमगीत उरले. १८७९ साली जपानने गिळलेल्या आणि १९४५ ते १९७२ अमेरिकेच्या अंमलाखाली राहिलेल्या प्रदेशाच्या गाण्याचे असे व्हावे, यात नुसता योगायोग नाही.

साकामोतो हेच जपानी शब्द घेतो. मुख्य ओळ तो गातो, प्रतिसाद ओकिनावाच्या स्त्रिया देतात. येथे माझी तक्रार आहे. लोकसंगीताचा अभ्यास केलेल्या या माणसाला जुने शब्द अपरिचित असतील हे संभवत नाही. मग कुयामाला पुन्हा गप्प का बसवले? आणि तरीही, ऐकताना तक्रार डळमळते. तो तोक्योचा सपाट, परका आवाज त्या चालीत अवघडून उभा राहतो; आपण येथले आहोत असा आव तो क्षणभरही आणीत नाही. मग त्या स्त्रियांचे आवाज उसळतात, आणि पाहुणा कोण, यजमान कोण, हे क्षणात उलटते. गळा तयार असता तर हे घडलेच नसते. गाणे त्याने सहज खिशात घातले असते! शब्दांत जे हरवले ते आवाजांनी थोडेफार परत आणले. थोडेफारच, हे मात्र खरे.

त्या गायिकांपैकी मिसाको कोजा पुढे १९९०मध्ये निघालेल्या 'नेनेस' या ओकिनावी वृंदात गाऊ लागली. 'ब्यूटी'नंतर लगेच तिची ती गाणी लावून पाहावीत. तेथे प्रतिसादापुरते थांबावे लागत नाही. मुख्य ओळही त्या स्त्रियांचीच असते.