किनाऱ्यावरील शैवाक आणि चिठ्ठीची भाषा

वनस्पतिसंग्रहातील शैवाकाचा, म्हणजे आपल्या दगडफुलाच्या वर्गातील सजीवाचा, नमुना म्हणजे घडी केलेल्या कागदाच्या पाकिटातील वाळका तुकडा आणि त्यावरील चार ओळींची चिठ्ठी. तुकड्याची परीक्षा वनस्पतिशास्त्रज्ञ करतातच; चिठ्ठी ही संहिता असल्याने तिची परीक्षा भाषाभ्यासकाने करावयास हरकत नसावी.

गुण आधी सांगितले पाहिजेत. नमुन्याचे नाव बदलले तरी जुनी चिठ्ठी काढीत नाहीत. नवी तिच्याशेजारी डकवितात. पोथीच्या समासातील पाठभेदांप्रमाणे निर्णयांची परंपरा त्यामुळे एकाच पाकिटावर वाचावयास मिळते. संग्राहकाच्या नावाआधी येणारे 'लेग.' हे ज्या लॅटिन क्रियापदाचे संक्षिप्त रूप, त्याचे 'वेचणे' आणि 'वाचणे' असे दोन्ही अर्थ होतात. (पाठ्यपुस्तकांतील 'वेचे' येथे कोणास आठवले तर नवल नाही.)

दोष आहे तो स्थळनिर्देशात. 'समुद्रकिनारा, सालीवर' एवढ्यावर पुष्कळ संग्राहक थांबतात. बेलांजे याने १८३८ मध्ये नाव दिलेली रोसेला मोंटाग्नेई ही जाती आपल्या किनाऱ्यावरील झाडांच्या सालीवर वाढते. तिच्यातील एरिथ्रिनामुळे विरंजक चूर्णाचे द्रावण लावताच ती लाल होते, आणि जुन्या नमुन्यातही ही परीक्षा करता येते. परंतु साल आंब्याची की तिवराची, हे कोणतेही द्रावण सांगणार नाही. ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर भरतीरेषेलगत व्हेरुकेरियाचा काळा पट्टा, त्यावर झँथोरिया व कॅलोप्लाका यांचा नारिंगी, त्याहून वर रॅमालिनाचा करडा असा क्रम दिसतो. तेथे नुसता 'किनारा' हा शब्द जवळजवळ निरर्थकच ठरतो.

कोकणात वाळूचा पट्टा ती पुळण, उघडा खडक तो कातळ, भरतीचे खारे पाणी शिरते ती सखल जमीन खाजण. इंग्रजी 'कोस्ट'च्या पोटात हे तिन्ही गडप होतात. नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच करण्याचे बंधन १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत होते खरे. पण ते वर्णनाला होते, चिठ्ठीवरील स्थळाला नव्हे. देशी शब्द परदेशी अभ्यासकास कळणार नाही, हा आक्षेपही शेजारी अक्षांश-रेखांश असता टिकत नाही. मार्च १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा वनस्पतिसंग्रह मोठ्या प्रमाणावर जळाला, तेव्हा कित्येक नमुन्यांविषयी ग्रंथांत उतरलेली चिठ्ठीची अक्षरेच तेवढी मागे राहिली.