मक्त्यातले नाव आणि रॅपमधला ‘मी’

पनवेल आणि भोवतालच्या तळोजे-उरण पट्ट्यात गाणाऱ्याचे नाव गाण्यातच ऐकू येण्याचे तीन-चार प्रकार सहज आढळतात. आगरी-कोळी हळदीच्या गाण्यांत गायकाचे, गीतकाराचे आणि कधी कधी गावाचेही नाव गुंफलेले असते. उरुसाच्या रात्री कव्वाल शेवटच्या शेरात शायराचे नाव घेतो. जयंतीच्या दिवसांत लाउडस्पीकरवर वामनदादा कर्डकांचे गीत लागते आणि अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. मोहल्ल्यातल्या पोरांच्या मोबाइलवर मात्र एमसी स्टॅन किंवा नेझी गाण्याच्या सुरुवातीपासूनच आपले नाव पुकारत असतात. पहिल्या तिन्हींना आपण परंपरा म्हणतो आणि चौथ्याला उद्धटपणा म्हणतो. हा निवाडा कितपत बरोबर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा या गाण्यांवरचा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. स्वतःचे नाव स्वतःच मोठे करणे हा तकब्बुर आहे आणि तकब्बुर माणसाला शोभत नाही, असे ते म्हणतात. परंतु नाव घेणे आणि बढाई मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ नाव घेतले म्हणून गाणारा गर्विष्ठ ठरत असेल, तर आपल्या मराठी कवितेतला अर्धाअधिक ठेवा त्याच आरोपात सापडेल. तेव्हा गाण्यात नाव आले की नाही, एवढ्यावर थांबता येत नाही. ते कोणत्या वाक्यात आले आणि त्या वाक्यात नावाकडे कोणते काम आहे, हे पाहावे लागते.

संतांची नाममुद्रा प्रथम घेऊ. ‘तुका म्हणे’ यात तुकोबांच्या नावाला जोडलेले क्रियापद ‘म्हणणे’ हे आहे. पुढचे जे बोलणे आहे त्याची जबाबदारी माझी, एवढाच त्याचा अर्थ. एकनाथांनी आपल्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडले आणि ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा केली. आपला मुद्दा अधिक स्पष्ट होतो तो श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपाशी. 1645 साली ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या या कवीने आपले नाव बदलले नाही. आपण जन्माने मुसलमान आहोत हे त्यांनी रचनेतही लपवले नाही. त्यामुळे पावणेचारशे वर्षांनंतरही या मराठीवर कोणाकोणाचा हक्क आहे याचा पुरावा त्या रचनेच्या पोटातच शिल्लक राहिला आहे. याउलट शहा मुंतोजी बामणी हे ‘मृत्युंजय’ या नावाने ओळखले गेले. ज्याने केवळ मृत्युंजय हे नाव ऐकले, त्याला मुंतोजी कोण हे कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते.

शाहिरांच्या फडात नावाचे काम आणखी वाढले. छापखाना नव्हता, लावणी तोंडातोंडी फिरत होती आणि एकाचा फड दुसऱ्याच्या फडाशी झुंजत होता. अशा वेळी शेवटच्या कडव्यात नाव असे बसवायचे की ते काढले तर यमक तुटावे आणि मात्रा कमी पडाव्यात. ही त्या काळची मालकीची व्यवस्था होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातला सगनभाऊ हा जेजुरीचा, शिकलगारीचा धंदा करणारा मुसलमान. हत्यारांना धार लावणाऱ्या या माणसाच्या लावण्या होनाजीच्या लावण्यांसमोर उभ्या राहिल्या. आज सगनभाऊचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्यामागे त्याने आपल्या रचनेत शेवटी ते विणून ठेवले, हे मोठे कारण आहे. होनाजीची गोष्टही पाहण्यासारखी आहे. ‘होनाजी बाळा’ हे पुष्कळांना एकाच माणसाचे नाव वाटते. वास्तविक होनाजी हा रचणारा आणि बाळा हा गाणारा. कवीने आपल्या मुद्रेत गळ्याच्या धन्यालाही जागा दिली. 1951 च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटातून त्यांची भूपाळी घराघरांत गेली.

अर्थात नाव आले म्हणजे पुरावा पक्का झाला, असेही नाही. तुकोबांच्या आणि कबिरांच्या नावावर कितीतरी रचना इतरांनी खपवल्या. मुद्रा चोरता येते, तशी ती मोठ्या माणसाच्या गळ्यात बांधताही येते. तरी एवढे खरे की, जिथे दप्तर नाही आणि दाद मागायला जागा नाही, तिथे गरीब कलावंताच्या हाती नावाखेरीज दुसरे साधन नव्हते.

गझलेच्या मक्त्यातले तखल्लुस आणि ख्यालातली मुद्रा हीसुद्धा याच कुळातली. फैयाज खाँसाहेब आपल्या बंदिशीत ‘प्रेमपिया’ होत, बडे गुलाम अली खाँसाहेब ‘सबरंग’ होत. मराठी गझलेत सांगली जिल्ह्यातील दुधगावच्या इलाही जमादारांनी ‘इलाही’ हे आपले नाव शेरात आणले. मक्त्यात शायर स्वतःकडे तिऱ्हाईतासारखा पाहतो. स्वतःला हाक मारतो, टोमणा मारतो, कधी समजूत घालतो. हा शिष्टाचार आपल्या वाचकांना नवा नाही. आम्ही तो येथे आठवतो तो एवढ्यासाठी की, मक्त्यात नाव येते ते बहुधा शायराचा कमीपणा कबूल करायला येते.

यंत्र आले तेव्हा नावाची जागा बदलली. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले. सुमारे तीन मिनिटांचे गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी लावायची हे कळावे म्हणून ही सोय होती, असे सांगितले जाते. सोय यंत्राची असेल, पण त्यातून एका बाईचे नाव तिच्याच आवाजात जगभर गेले. आपल्याकडे लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी, जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायका, कोकणी मुसलमान घरांत हळदी-मेंदीची गाणी म्हणणाऱ्या आजी-नानी यांच्या गाण्यांत नवऱ्याचे नाव येते, भावाचे येते, नवरीचेही येते. रचणारीचे मात्र क्वचितच येते. गाण्यात स्वतःचे नाव घेणे हा गर्व आहे असे म्हणताना, ज्यांना तो कधी परवडलाच नाही त्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. त्यांची गाणी राहिली, त्या राहिल्या नाहीत.

आता रॅपकडे येऊ. अमेरिकेत 1979 साली शुगरहिल गँग या त्रयीचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे गाजले आणि हा प्रकार प्रथमच मोठ्या प्रमाणावर तबकडीवर आला. त्यात तिघेही आपापली नावे सांगून ओळख करून देतात. पण त्यातल्या बिग बँक हँक याने आपल्या वाट्याच्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या वहीतून उचलल्या होत्या. कॅझ आपल्याला ‘कॅसानोव्हा’ म्हणवून घेत असे, आणि ते नाव त्याने ओळींत अक्षर-अक्षर सुटे करून बसवले होते. हँकने ते तसेच गाऊन टाकले. कॅझला त्या गाण्याचे ना श्रेय मिळाले ना पैसे. पण खरा धनी कोण हे ते गाणे आजही ओरडून सांगते. फडावरच्या शाहिराला ही गोष्ट सांगितली असती तर त्याला ती लगेच समजली असती. रॅपरचे नाव आणि शाहिराची मुद्रा यांच्या गरजा किती जवळच्या आहेत, हे यावरून दिसते.

आपल्याकडे कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणाने ‘नेझी’ या नावाने 2014 साली ‘आफत’ हे गाणे आणले. हाती आयपॅड होता, त्यावरच काम झाले. पुढच्याच वर्षी डिव्हाइनबरोबरचे ‘मेरे गली में’ आले आणि या दोघांच्या वाटचालीवरून प्रेरणा घेऊन 2019 साली ‘गली बॉय’ हा चित्रपट निघाला. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतला अल्ताफ ‘एमसी स्टॅन’ झाला. 2020 साली त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकून तो घराघरांत पोहोचला. लहानपणी तो कव्वाली गात असे, हे त्याच्याबद्दल लिहिले-बोलले गेले आहे. म्हणजे ज्या मक्त्याविषयी आम्ही वर बोललो, त्याच्या कानावरून तो गेलेला आहे.

पण येथे एक पेच आहे. शाहीर किंवा शायर आपले नाव शेवटी आणतो. आधी गाणे पदरात घालतो आणि मग सही करतो. रॅपर सही आधी करतो. मोबाइलवर ऐकणारा दहा सेकंदांत बोट पुढे सरकवतो, शेवटच्या कडव्यापर्यंत तो थांबेल याचा भरवसा नाही. त्यामुळे नाव सुरुवातीला आले. एवढ्याने आमचे बिघडत नाही. सुरुवातीला आलेल्या नावाने पुढे काय केले, हा आमचा प्रश्न आहे.

या मुलांनी घेतलेली नावेही तपासून पाहू. ती त्यांची घरची नावे नाहीत. नाव बदलून गाण्यात शिरणे आपल्याला नवे नाही. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे तमाशात ‘पठ्ठे बापूराव’ झाले तेव्हा त्यांनी आडनावाबरोबर जातीची प्रतिष्ठाही मागे ठेवली. बार्शीचे महबूब हुसेन पटेल ‘अमर शेख’ झाले. त्यांनी नवे नाव घेतले, पण त्यात ‘शेख’ राहू दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत लाखो लोकांनी हे नाव आपलेपणाने उच्चारले. नेझी आणि स्टॅन या नावांत मात्र ना कुर्ला ऐकू येतो, ना ताडीवाला रस्ता, ना शेख, ना अल्ताफ.

याचा दोष आम्ही केवळ या मुलांना देत नाही. नवीन पनवेल-खारघरच्या बाजूला भाड्याने जागा शोधताना आमच्यापैकी अनेकांना एक अनुभव आला आहे. फोनवर मराठी ऐकून समोरचा माणूस खूश असतो. भाडे ठरते, अनामत ठरते. मग तो नाव विचारतो. नाव सांगितले की जागा कालच गेलेली असते. ज्या मुलाने आपल्या बापाला असे नाव सांगताना आणि मग गप्प बसताना पाहिले आहे, त्याला माइक मिळाल्यावर तो नावच ओरडत सुटला तर त्यात अहंकार किती आणि जखम किती, हे ठरवणे सोपे नाही. आणि ओरडतानाही तो घरचे नाव घेत नाही, ही गोष्ट आम्हाला अधिक बोचते. बाजाराला चालणारे नाव पुढे करून त्याने घरचे नाव वाचवले की गमावले, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल.

स्टॅनच्या गाण्यांविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. त्याने अल्बमला ‘तडीपार’ हे नाव दिले, ही त्याची सर्वांत चांगली मुद्रा आहे. पोलिसांच्या हुकमाने जिल्ह्याबाहेर काढला गेलेला माणूस, या अर्थाचा हा मराठी शब्द कोणत्याही वस्तीत समजावून सांगावा लागत नाही. या शब्दात तो एकटा नाही, त्याच्याबरोबर संपूर्ण गल्ली उभी आहे. जिथे तो आई, वस्ती, दोस्त, पोलिसांची गाडी यांच्यामध्ये स्वतःला ठेवतो तिथे त्याचे नाव शाहिराच्या नावासारखे साक्षीदार होते. जिथे नावाला साखळी, बूट आणि शत्रूंची यादी एवढेच चिकटते, तिथे ते दुकानावरची पाटी होते. बायकांविषयीच्या शिवराळ ओळींची पाठराखण आम्ही करणार नाही. ज्या ओळीखाली आपले नाव आहे ती ओळ आपल्या बहिणीसमोर म्हणता आली पाहिजे. ‘म्हणे’ या क्रियापदाची जबाबदारी ती हीच.

म्हणून सुरुवातीचा निवाडा आम्ही थोडा दुरुस्त करू इच्छितो. परंपरेतले प्रत्येक नाव विनम्र असते असे नाही आणि रॅपमधले प्रत्येक नाव उद्धट नसते. नावाच्या आडून माणसे दिसतात की नाही, आणि नाव घेणारा आपल्या शब्दाला बांधील राहतो की नाही, या दोन कसोट्या शेख महंमदांना लावाव्यात, सगनभाऊला लावाव्यात आणि स्टॅनलाही लावाव्यात.

आपल्या बाजूनेही काही करता येण्यासारखे आहे. आपल्या संमेलनांत, शाळांत, उरुसाच्या कार्यक्रमांत वेळ कमी पडला की शेवटचे कडवे गाळण्याची सवय झाली आहे. मधले एखादे कडवे गाळावे, पण ज्यात नाव आहे ते गाळू नये. सगनभाऊची लावणी सादर होते तेव्हा ती कोणाची, हे निवेदकाने सांगावे. घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून गाणी लिहून घेताना सांगणारीचे नाव वर लिहावे. आणि मोहल्ल्यात जी पोरे यमके जुळवत बसलेली असतात, त्यांना हाकलून देण्यापूर्वी एकदा विचारावे की, तुझ्या गाण्यात तुझे नाव कोणते आहे आणि ते तू का घेतलेस? मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न चारशे वर्षे कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला गेला आहे. शेख महंमदांनी त्याचे उत्तर आपल्या ओळीत देऊन ठेवले. या पोरांचेही उत्तर ऐकून घेण्याइतका धीर आपल्यापाशी असावा.