‘द अदर वन पर्सेंट’: अमेरिकेतले भारतीय मोजले, पण कुटुंब कुठे मोजलं?

शिकागोतल्या एका लॅबमधून पोस्टडॉकची ऑफर आलीय. थिसिस जमा व्हायला अजून चार-पाच महिने आहेत, उत्तर मात्र या महिनाअखेर द्यायचंय. कळंबला घरी फोन करून सांगितलं, तर आईचा पहिला प्रश्न, "जाणार कोण कोण?" म्हटलं, आम्ही तिघं. मी, बायको आणि अडीच वर्षांची मुलगी. आई "बरं" म्हणाली आणि तिने विषय बदलला.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. स्थलांतर हा काही माझा विषय नाही. पण निर्णय घ्यायचा म्हटलं की संशोधक विद्यार्थी काय करतो? वाचत बसतो. यूट्यूबवर ‘अमेरिकेत सेटल कसं व्हावं’चे ढीगभर व्हिडिओ आहेत. ते बाजूला ठेवले आणि एक अभ्यासाचं पुस्तक घेतलं: ‘द अदर वन पर्सेंट: इंडियन्स इन अमेरिका’. लेखक तिघे, संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते २०१६ च्या शेवटी काढलं. तुमच्यापैकी जे पेटची किंवा नेटची तयारी करताय, त्यांनी विषय कुठलाही असला तरी हे पुस्तक वाचावं असं मी म्हणेन. त्याचं एक कारण ते चांगलं आहे म्हणून, आणि दुसरं ते एका ठिकाणी कमी पडतं म्हणून.

पुस्तक काय म्हणतं

भारतीय वंशाचे लोक अमेरिकेच्या लोकसंख्येत साधारण एक टक्का. पण शिक्षण आणि घरटी उत्पन्न पाहिलं तर सगळ्यात वरच्या गटांत. असं का? याचं एक लोकप्रिय उत्तर म्हणजे ‘संस्कृती’. २०१४ मध्ये आलेल्या ‘द ट्रिपल पॅकेज’ या पुस्तकाने काही समाजांच्या यशाचं कारण त्यांच्या स्वभावगुणांत शोधलं होतं. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच चालतं: आपली माणसं कष्टाळू, आपले संस्कार चांगले, वगैरे.

हे तिघे लेखक म्हणतात, थांबा. आधी बघा, तिथे पोचलं कोण. त्यांचा मुद्दा तिहेरी निवडीचा आहे. पहिली गाळणी भारतातल्या समाजाची: जात, वर्ग आणि शहर यांच्यामुळे उच्च शिक्षणापर्यंत कोण पोचतं. दुसरी गाळणी परीक्षांची आणि प्रवेशांची. तिसरी अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याची, जो कौशल्य बघून आत घेतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे तीनदा केलेलं रीक्रिस्टलायझेशन आहे. तीनदा स्फटिक पाडून शेवटी मेल्टिंग पॉइंट अगदी शार्प आला, तर "मूळ सॅम्पलच शुद्ध होतं" असं कोणी लिहील का? गाईड वही फेकून देईल. पण माणसांच्या बाबतीत आपण हे सर्रास करतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

लेखकांनी इतिहासाचे तीन टप्पे पाडलेत. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. १९६५ च्या कायद्याने ही पद्धत मोडली. मग १९६५ ते १९७९ आधी गेलेले, त्यात डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ बरेच. १९८० ते १९९४ हा ‘कुटुंबां’चा टप्पा, म्हणजे आधी गेलेल्यांनी नातेवाईक बोलावले. आणि १९९५ नंतर आयटीची पिढी.

मराठी माणसांच्या संस्थांच्या तारखा या चौकटीत छान बसतात. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, पहिल्या टप्प्यातलं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, कुटुंबांचा टप्पा सुरू होतानाचं. वाचताना मला फार भारी वाटलं. मग लक्षात आलं की दोन तारखा जुळल्या म्हणजे काही सिद्ध झालं नाही. सिनॉप्सिसमध्ये असली जुळवाजुळव केलीत तर व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येणार.

कुठे अडतं

पुस्तकाच्या आकडेवारीचा मोठा आधार म्हणजे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’. अमेरिकेचं जनगणना खातं दर वर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर हा सर्व्हे करतं. जन्म कुठला, नागरिकत्व काय, अमेरिकेत राहायला कधी आलात, घरात इंग्रजीशिवाय कुठली भाषा बोलता, शिक्षण, काम, उत्पन्न, हे सगळं विचारतात. नमुना मोठा, प्रश्न नेमके. तरी तीन गोष्टी त्यात दिसू शकत नाहीत.

पहिली, परत आलेले. सर्व्हेच्या दिवशी जो त्या पत्त्यावर आहे तोच मोजला जातो. १९८५ मध्ये गेला, १९९१ मध्ये आईवडिलांसाठी परत आला, तो या तक्त्यात नाही. म्हणजे ‘१९८० ते १९९४ मध्ये गेलेले’ असं आपण वाचतो तेव्हा खरा अर्थ ‘त्या काळात गेलेले आणि अजून तिथेच असलेले’ असा होतो. लेखकांनी तीन गाळण्या सांगितल्या. ही चौथी, आणि ती अमेरिकेत पोचल्यावर लागते.

दुसरी, व्हिसा. सर्व्हेत तो विचारतच नाहीत. त्यामुळे कमावता कोण म्हणून आला आणि त्याच्या मागे ‘डिपेंडंट’ म्हणून कोण आलं, हे तक्त्यावरून थेट कळत नाही. आमच्या घरचंच उदाहरण घ्या. माझी बायको बी.फार्म. आहे, बारामतीत नोकरी करते. मी जे-१ वर गेलो तर ती जे-२. जे-२ वर कामाची परवानगी मागता येते, पण ती तिथे पोचल्यावर अर्ज करून. एफ-२ वर तर तीही नाही. एच-४ वर २०१५ पासून काहींना मिळते, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका ठरावीक पायरीपर्यंत पोचलं असेल तरच.

बरं, परवानगी मिळाली म्हणून फार्मासिस्टचं काम मिळेल का? नाही. बाहेरच्या देशात शिकलेल्या फार्मासिस्टला लायसनच्या वाटेवर जी पात्रता सिद्ध करावी लागते, तिच्यासाठी २००३ पासून पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा फार्मसीचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. म्हणजे ती परीक्षेला बसूच शकत नाही.

आता गंमत बघा. उद्या तो सर्व्हे आमच्या शिकागोच्या दारात आला, तर तक्त्यात काय जाईल? ‘भारतात जन्मलेली स्त्री, पदवीधर.’ अमेरिकेतल्या भारतीयांचं सरासरी शिक्षण तिच्यामुळे वर जाईल. त्या शिक्षणाचं पुढे काय झालं, तिने इथे काय सोडलं, याला तक्त्यात रकाना नाही. हे सगळं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे डिग्री माझी मोजणार आणि नोकरी तुमची. चांगलंय." मी गप्प बसलो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: ‘कुटुंब’ म्हणजे कोण? दुसऱ्या टप्प्याला लेखक कुटुंबांचा टप्पा म्हणतात, पण ते कुटुंब कायद्याने ठरवलेलं आहे. अमेरिकेचा नागरिक झालेला माणूस आईवडिलांना, भावंडांना बोलावू शकतो. आमच्यासारख्या जे-१ वाल्याचं कुटुंब म्हणजे जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं. संपलं. आईवडील पाहुण्यांच्या व्हिसावर येणार आणि काही महिन्यांनी परत जाणार. आईने ‘कोण कोण’ विचारलं आणि मी ‘तिघं’ म्हटलं, तेव्हा नकळत मी त्या कायद्याचीच व्याख्या बोललो होतो.

एकक कोणतं, हे फडावर कळतं

आमचं कळंब वालचंदनगरच्या शेजारी, उसाचा पट्टा. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती माणशी नाही, कोयत्यावर. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. पोरं बरोबर येतात, म्हातारी माणसं गावाकडे राहतात. या व्यवस्थेत पिळवणूक किती आहे ते वेगळं सांगायला नको, आणि पोस्टडॉकची तोडणीशी बरोबरी करायचा माझा अजिबात विचार नाही. मुद्दा मोजण्याचा आहे. कोयता मोजला की बाईचे कष्ट जोडीत धरले जातात, पण तिची मजुरी वेगळी दिसत नाही. माणूस मोजला की कमावणारा दिसतो, पण त्याच्यासाठी काम सोडलेली बायको दिसत नाही. पत्ता मोजला की त्या छपराखालचे दिसतात, कळंबला राहिलेले दिसत नाहीत. आपण जे एकक निवडतो, ते काहीतरी झाकतंच.

पुन्हा लॅबमध्ये येऊ. स्फटिक गाळून घेतल्यावर खाली जे उरतं त्याला आपण मदर लिकर म्हणतो. चांगला विद्यार्थी ते लगेच सिंकमध्ये ओतत नाही. त्यात काय गेलं ते तपासतो, कारण यील्ड का पडलं याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. हे पुस्तक स्फटिक कसे तयार झाले हे फार नीट सांगतं. मदर लिकरबद्दल मात्र त्याच्या आकड्यांतून मला फारसं हाती लागलं नाही. आणि कुटुंबाची अडचण अशी, की त्याचा एक भाग स्फटिकात असतो आणि एक भाग खाली राहतो.

इतक्या अनुभवी लेखकांना आपल्या डेटाच्या मर्यादा माहीत नसतील, असं मला म्हणायचं नाही. मोठा राष्ट्रीय सर्व्हे घेतला की हे ओघानेच येतं. चूक होते ती आपली, वाचणाऱ्यांची. ‘भारतीय कुटुंबांचं उत्पन्न सगळ्यात वर’ हे वाक्य आपण ‘आपण गेलो तर आपलंही वर जाईल’ असं वाचतो. एनआयएचच्या २०२४ च्या तक्त्यात नव्या पोस्टडॉकचा स्टायपेंड वर्षाला ६१,००८ डॉलर आहे. इथल्या सीनियर फेलोशिपच्या महिना ४२,००० रुपयांपुढे तो डोंगराएवढा दिसतो. पण त्यात शिकागोचं घरभाडं, जे-१ च्या नियमाप्रमाणे तिघांचा आरोग्य विमा, आणि कमावणारा एकच. घरटी सरासरी वर नेणाऱ्या दोन कमावत्यांच्या घरांत आम्ही बसत नाही.

तुमच्यासाठी

कुठलाही पेपर वाचताना समासात तीन प्रश्न लिहा. मोजलेलं एकक कोणतं? मोजणीच्या आधी कोण गळलं? आणि मोजणीनंतर कोण निघून गेलं? हे पुस्तक पहिल्या दोन प्रश्नांवर विचार करायला शिकवतं, आणि तिसऱ्यावर आपल्याला एकटं सोडतं. तरी वाचाच.

ऑफरचं उत्तर अजून पाठवलेलं नाही. प्रोफेसरांना मेल करून दोन गोष्टी विचारल्यात: करार एका वर्षाचा आहे की दोन, आणि जोडीदाराच्या कामाच्या परवानगीबाबत युनिव्हर्सिटीचं ऑफिस काय मदत करतं. या रविवारी कळंबला जातोय. या वेळी ‘कोण कोण’चं उत्तर फोनवर द्यायचं नाही, असं ठरवलंय.