लोकसंशयाचे स्वरूप : टोरांटोच्या महापौराचे पुनरागमन

कॅनडातील टोरांटो शहराचे महापौर रॉब फोर्ड दोन महिन्यांच्या व्यसनोपचारानंतर ३० जून २०१४ रोजी आपल्या कचेरीत परतले. त्याच दिवशी दुपारी त्यांनी निवडक वार्ताहरांपुढे एक निवेदन वाचून दाखविले आणि एकही प्रश्न न घेता ते आत निघून गेले. या पुनरागमनाचे स्वागत झाले ते मुख्यतः अविश्वासाने. अशा अविश्वासाचा अर्थ लावताना सामान्यतः दोन टोके गाठली जातात. व्यसन हा रोग आहे हे लोकांना अद्याप उमगलेले नाही, म्हणून ते रोग्याशी निष्ठुरपणे वागतात, हे एक टोक. दारुड्याच्या शपथेला किंमत ती काय, हे दुसरे. वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध आहेत. तथापि दोहोंचे गृहीतकृत्य एकच आहे. फोर्ड बरे झाले की नाही, हाच वादाचा विषय आहे असे दोन्ही पक्ष धरून चालतात. फोर्ड यांचे निवेदन आणि त्यामागील वर्षभराचा घटनाक्रम सावकाश वाचला असता हे गृहीतकृत्य टिकत नाही.

घटनाक्रम प्रथम पाहावा. फोर्ड ऑक्टोबर २०१० मध्ये निवडून आले. महापालिकेच्या खर्चाला कात्री लावणारा, सामान्य नागरिकाच्या दूरध्वनीला स्वतः उत्तर देणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. मे २०१३ मध्ये, ते क्रॅक कोकेन ओढत असल्याचे चित्रण वार्ताहरांनी पाहिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. फोर्ड यांनी ते नाकारले. ३१ ऑक्टोबर रोजी हे चित्रण हाती आल्याचे पोलीसप्रमुखांनी जाहीर केले, आणि ५ नोव्हेंबर रोजी फोर्ड यांनी कबुली दिली. बहुधा दारूच्या धुंदीत तसे घडले असावे, अशी पुस्तीही तिला जोडली. त्याच महिन्यात त्यांनी आपण मद्य सोडल्याचे सांगितले. जानेवारी २०१४ मध्ये एका उपाहारगृहातील त्यांचे चित्रण बाहेर आले आणि आपण मद्य घेतले होते हे त्यांना मान्य करावे लागले. पुढे ३० एप्रिलला नव्या चित्रणाची व एका ध्वनिमुद्रणाची वार्ता आली. त्याच रात्री उपचारासाठी रजा जाहीर झाली.

या साऱ्या क्रमात पुरावा आधी आणि कबुली मागाहून, हे पौर्वापर्य एकदाही मोडलेले नाही. तेव्हा जून महिन्याच्या अखेरीस नवे निवेदन ऐकणाऱ्या नागरिकाच्या मनात शंका उद्भवली, तर तिला पूर्वग्रह म्हणता येत नाही. ते अनुमान आहे. पर्वतावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्याला आपल्याकडच्या नैयायिकांनी निष्ठुर ठरविलेले नाही.

आता निवेदनाकडे वळावे. त्याची भाषा अर्धी रुग्णालयातून आणि अर्धी प्रचारसभेतून आलेली आहे. व्यसन हा आपला चिवट रोग असून त्यावर आयुष्यभर उपचार करावे लागतील. आपण दीर्घकाळ वस्तुस्थिती नाकारीत होतो. मागील वर्तनाची आपल्याला लाज वाटते. दोष अन्य कोणाचा नसून आपलाच आहे, असा पहिल्या भागाचा आशय आहे. यातील शेवटचे विधान फोर्ड यांच्या पदरात टाकलेच पाहिजे, कारण राजकारणी पुरुष ते सहसा करीत नाहीत. दुसऱ्या भागात करदात्यांचा पैसा वाचविण्याचे अंगीकृत कार्य पुढे चालविण्याचा निर्धार आहे. या दोन भागांमध्ये जे यावयास हवे होते ते मात्र जवळजवळ आलेलेच नाही. ध्वनिमुद्रणात एका नगरसेविकेविषयी काढलेल्या अश्लाघ्य उद्गारांबद्दल तिचे नाव घेऊन क्षमा मागितली आहे. बाकीचे सारे ‘बोललेल्या व केलेल्या काही गोष्टी’ अशा मोघम शब्दांत गुंडाळले गेले आहे. निरनिराळ्या वंशांच्या लोकांविषयी वापरलेले अपमानकारक शब्द कोणते, पोलिसांच्या चौकशीत बोलण्यास नकार का दिला, ज्यांच्याशी गुन्हेगारीचा संबंध जोडला जात होता त्या मित्रमंडळींचे महापौरांशी नाते काय होते, यांविषयी निवेदन मुके आहे. पुढे दोन दिवसांनी दिलेल्या मुलाखतीत, रोगाच्या अमलाखाली माणूस स्वतःचे नसलेले शब्द बोलतो, अशा अर्थाचा खुलासा त्यांनी केला. निवेदन आणि ही मुलाखत एकत्र वाचली म्हणजे एक चमत्कारिक वाटणी नजरेस येते. पश्चात्तापाच्या वाक्यांचा कर्ता फोर्ड आहे आणि कृत्यांच्या वाक्यांचा कर्ता रोग आहे.

रोग ही संकल्पना येथे आपल्या मूळ क्षेत्रातून उचलून परक्या क्षेत्रात आणली गेली आहे. वैद्यकाने व्यसनाला रोग म्हटले ते रोग्याने लाज सोडून वैद्याकडे यावे, आणि वैद्याने उपदेशाऐवजी उपचार करावा, म्हणून. तेथे ती संकल्पना उपकारकच ठरली आहे. मराठीत ज्याला दुखणे उलटणे म्हणतात त्याचे प्रमाण व्यसनाच्या बाबतीत शेकडा ४० ते ६० च्या दरम्यान असल्याचे अमेरिकेतील राष्ट्रीय मादकद्रव्य-संशोधन संस्था सांगते, आणि रक्तदाब वा दमा यांपेक्षा हे काही निराळे नाही असेही सांगते. म्हणजे दुखणे उलटले म्हणून रोगी अधम ठरत नाही; परंतु दोन महिन्यांनी तो बरा झाला अशी ग्वाही वैद्यही देत नाही. जी ग्वाही वैद्याला देता येत नाही ती नागरिकाने स्वीकारावी किंवा नाकारावी, हा आग्रहच अप्रस्तुत आहे. मधुमेही महापौराच्या रक्तातील साखरेचा आकडा कोणी विचारीत नाही. त्याने सार्वजनिक पदावर असताना काय केले आणि त्याविषयी खरे सांगितले की नाही, एवढेच विचारले जाते. फोर्ड यांच्या निवेदनाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढे करून दुसरा झाकला. लोकांचा संशय मुख्यतः या झाकण्याविषयी होता.

मराठी वाचकाला या प्रकरणाचा विचार करताना राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहत नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने व्यसनाविषयीची आपली कल्पनाच घडविली आहे. सुधाकर वकिलीची सनद गमावतो आणि प्याल्याला जवळ करतो. पुढे दारू सोडण्याचा निश्चय करून तो कामधंद्याच्या शोधात बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या वाट्याला येतो तो अपमान. आणि तो अपमानच त्याला पुन्हा प्याल्याकडे लोटतो. नाटकातील हा भाग विसरला जातो. सुधाकराच्या नाशाचा दोष तळीरामाच्या माथी मारून प्रेक्षक घरी जातो; पण सावरू पाहणाऱ्या माणसावर विश्वास न ठेवणारे प्रतिष्ठित जगही गडकऱ्यांनी त्या दोषात भागीदार केले आहे. शिवाय त्याच नाटकात भगीरथ आहे. रामलालच्या विश्वासाच्या बळावर तो व्यसनातून बाहेर पडतो आणि टिकतो. तेव्हा दारुडा सुधारत नाही असा निर्वाळा गडकऱ्यांनी दिला आहे, हे सरसकट विधान बरोबर नाही.

या नाटकाच्या आधारे फोर्ड यांच्या टीकाकारांना निष्ठुर ठरविण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु सुधाकर पोटाला काम मागत होता. त्याच्यावर विश्वास टाकल्याने विश्वास टाकणाऱ्याचे जाणार होते ते फार तर महिन्याचे वेतन. फोर्ड अठ्ठावीस लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराचा कारभार मागत होते, आणि तोही चार महिन्यांवर आलेल्या निवडणुकीचे उमेदवार या नात्याने. दुर्बळाविषयीचा संशय आणि सत्ताधाऱ्याविषयीचा संशय यांना एकाच तराजूत घालणे हा विचारातील ढिलेपणा होय.

अपराध्याला परत घेण्याचा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनीही हाताळला आहे. त्या व्यवस्थेतील वर्णभेद सर्वज्ञात असून त्याचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. केवळ तिची कार्यपद्धती पाहावयाची आहे. पश्चात्ताप अपराध्याचा स्वतःचा असे, पण प्रायश्चित्त परिषद ठरवीत असे, आणि त्यासाठी अपराध्याला परिषदेपुढे आपले कृत्य उघड सांगावे लागे. प्रायश्चित्त पुरे झाल्यावर मनुस्मृतीप्रमाणे पतिताच्या आप्तांनी त्याच्यासह स्नान करून पाण्याने भरलेला नवा घट जलाशयात सोडावयाचा, आणि शुद्ध झालेल्या माणसाचा यापुढे तिरस्कार करावयाचा नाही, असा दंडक होता. म्हणजे बंधन दुहेरी होते. सांगण्याचे बंधन परतणाऱ्यावर आणि पुन्हा न टोचण्याचे समाजावर; पण पहिले घडल्यावाचून दुसरे लागू होत नसे. फोर्ड यांनी दुसरे मागितले. परिषदेच्या जागी जे वार्ताहर होते त्यांतील कोण आत यावे हे त्यांनीच ठरविले होते.

संशय असूनही लोकांनी माणसाला स्वीकारल्याची उदाहरणे अमेरिकेच्याच इतिहासात आहेत. हॅरॉल्ड ह्यूज हा आयोवा राज्यातील एके काळचा मालमोटारचालक आणि पराकोटीचा मद्यपी. १९५२ साली त्याने मद्य सोडले आणि १९६२ साली तो राज्यपाल म्हणून निवडून आला. (अमेरिकेत राज्यपाल लोकांच्या मतांनी निवडला जातो.) गंमत अशी की, उपाहारगृहांतून पेल्याने मद्य विकण्यास कायद्याने मुभा द्यावी, असा प्रचार या मद्यत्यागी माणसाने केला होता, जुना कायदा उघड उघड मोडला जात असताना त्याचे सोंग चालविणे त्याला दांभिकपणाचे वाटले. १९६४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याने असे उघडकीस आणले की, ह्यूजचे दुखणे १९५४ साली एकदा उलटले होते. ह्यूजने ते मान्य केले, आणि आपण मद्यपी आहोत व आयुष्यभर तसेच राहू, असे सांगितले. तो प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आला. पुढे सेनेटमध्ये गेल्यावर मद्यासक्तीच्या उपचारांविषयीचा १९७० चा संघीय कायदा त्याच्याच पुढाकाराने झाला. ह्यूजनेही रोगाचीच भाषा वापरली होती, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. तीच भाषा त्याच्या तोंडी विश्वासार्ह ठरली, कारण तिच्या आड लपविण्यासारखे दुसरे काही उरलेले नव्हते. शिवाय उपचार आणि पद यांच्यामध्ये दहा वर्षे लोटली होती.

वॉशिंग्टनचे महापौर मॅरियन बॅरी यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जानेवारी १९९० मध्ये कोकेनच्या प्रकरणी अटक, उपचार, सहा महिन्यांचा कारावास, १९९२ मध्ये नगरपरिषदेवर निवड आणि १९९४ मध्ये पुन्हा महापौरपद, असा तो प्रवास. त्यात वंशविषयक अस्मितेचा वाटा एवढा मोठा आहे की, त्यावरून व्यसनाविषयीच्या लोकमताचे अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. प्रस्तुत विषयापुरते त्यातून इतकेच घ्यावयाचे की बॅरी परत आले ते मतपेटीतून. फोर्ड परत आले ते रजा संपवून.

हा भेद तांत्रिक नव्हे. ऑन्टारिओ प्रांताच्या कायद्यानुसार निवडून आलेल्या महापौराला पदच्युत करण्याचा अधिकार नगरपरिषदेला नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने जे शक्य होते ते केले : महापौरांचे बहुतेक अधिकार व त्यांच्या कचेरीचा निधी उपमहापौर नॉर्म केली यांच्याकडे वर्ग केला. त्यामुळे जूनमध्ये फोर्ड ज्या पदावर परतले त्याचे नाव व मान शिल्लक होता, अधिकार बहुतांशी गेलेले होते. संशय ठरावरूपाने आधीच नोंदला गेला होता. त्याचे निरसन होईल असे व्यासपीठ मात्र कोठेच नव्हते. मग तो रस्त्यावर आला. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत, धावण्याचा व्यायाम करीत निघालेल्या एका उघड्या अंगाच्या नागरिकाने महापौरांना गाठले आणि प्रश्नांची उत्तरे द्या म्हणून तो ओरडत राहिला. वृत्तपत्रांनी त्याच्या उघड्या अंगाचेच कौतुक अधिक केले. वस्तुतः त्याने बरे वाटते का असे विचारले नव्हते; त्याचे प्रश्न महापौरांच्या वंशद्वेषी शब्दांविषयी आणि कारभाराविषयी होते. आदल्या दिवशी कचेरीच्या दारात जे विचारता आले नाही ते तो विचारीत होता.

सप्टेंबर महिन्यात फोर्ड यांच्या पोटात अर्बुद आढळले. १२ सप्टेंबर रोजी त्यांनी महापौरपदाची उमेदवारी मागे घेतली आणि त्यांच्या जागी त्यांचे बंधू उभे राहिले. २७ ऑक्टोबर रोजी जॉन टोरी निवडून आले. फोर्ड स्वतः आपल्या जुन्या प्रभागातून मोठ्या बहुमताने नगरसेवक झाले आणि २२ मार्च २०१६ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी निधन पावले. परतलेल्या महापौराविषयीचा संशय मतपेटीत मोजला जाण्याचा योग त्यामुळे आलाच नाही.