दैव आणि कीर्ती : सॅलस्टचे दोन ग्रंथ

रोमन इतिहासकार सॅलस्ट (जन्म इ. स. पू. ८६) याचे ‘कॅटिलिनाचे युद्ध’ आणि ‘जुगुर्थाचे युद्ध’ हे छोटेखानी ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, की एक विसंगती जाणवते. माणूस दैवाच्या हातचे बाहुले आहे ही तक्रार खोटी, असे तो दुसऱ्या ग्रंथाच्या प्रारंभीच बजावतो. पहिल्या ग्रंथात मात्र सर्वत्र दैवाचीच सत्ता चालते, असेही तोच लिहितो. मग खरे कोणते?

उत्तर संदर्भात आहे. दैवाची सत्ता तो सांगतो ती कीर्तीविषयी. अथेन्सची कृत्ये थोर ठरली, कारण त्या नगरीला थोर लेखक लाभले. कृती माणसाच्या शीलावर अवलंबून असते. तिची आठवण उरणे मात्र दैवाधीन.

हा भेद शिरूर-दौंडच्या वाचकाला परका वाटू नये. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कंपनीचे सुमारे ८०० शिपाई निघाले आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी झुंजले. नदीपलीकडच्या स्तंभावर त्यांच्यातील मृतांची नावे कोरलेली आहेत. त्यांत अनेक महार शिपाई आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे भेट दिली आणि साम्राज्याच्या गौरवार्थ उभारलेला दगड एका समाजाच्या स्वाभिमानाची खूण ठरला. समोरून लढताना पडलेल्या अरब, गोसावी, मराठा शिपायांची नावे मात्र त्यावर नाहीत.

सॅलस्टची थोरवी दिसते ती येथेच. कॅटिलिना त्याच्या लेखी राष्ट्रद्रोही. तरीही अखेरच्या प्रसंगात बंडखोरांच्या जखमा छातीवर होत्या, हे तो सांगतो. प्रेते उलथून पाहणाऱ्या विजेत्यांना त्यांत आपलेच मित्र आणि आप्त सापडतात.

त्याची मर्यादाही लपत नाही. सद्गुणांचा हा उपदेशक आफ्रिकेचा सुभेदार असताना त्याच्यावर प्रजेला लुबाडल्याचा आरोप झाला होता. संत ऑगस्टीनने ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथात रोमच्या नैतिक अधोगतीचा साक्षीदार म्हणून सॅलस्टला पुढे केले. पण कीर्तीचा लोभ इतर दुर्गुणांना आवर घालत असला तरी तो स्वतःही दुर्गुणच, ही पुढची पायरी संतानेच गाठली.

ती पायरी लक्षात ठेवून सॅलस्ट वाचावा. दगड एकाच बाजूची नावे जपतो. उलथलेल्या प्रेतांत आप्त ओळखणे, हे काम वाचकाचे आहे.