एका जबाबाचे चार कागद

लैंगिक आणि कौटुंबिक हिंसेविषयी बोलताना आपल्याकडे ‘समन्वय’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. पोलिस, आरोग्य खाते, महिला व बालविकास विभाग, न्यायालय आणि स्वयंसेवी संस्था यांच्यात समन्वय हवा, असे प्रत्येक परिसंवादात म्हटले जाते. मग समिती नेमली जाते, बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. समन्वयाचा प्रश्न बैठकीआधी वाचनाचा आहे. एका बाईने सांगितलेली एकच हकिकत चार दप्तरांत चार तऱ्हांनी लिहिली जाते आणि त्या चार कागदांनी एकमेकांना वाचलेले नसते.

मी कायद्याची पदवीधर नाही. अधिनियम, नियम, निकालपत्रे वाचायला मी स्वतःच्या गरजेने शिकले. त्यामुळे या कागदांकडे पाहताना माझ्या हाती साहित्याच्या वाचकाचीच साधने आहेत : कोण बोलतो आहे, कोणाला उद्देशून बोलतो आहे, क्रियापदाचा कर्ता कोण आहे आणि काय गाळले आहे. ही साधने अपुरी असतील, पण निरुपयोगी नाहीत. आपल्याच राज्यातला एक दाखला त्यासाठी पुरेसा आहे.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. (तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो, मी ते नाव इथे लिहीत नाही.) सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाचा युक्तिवाद मुख्यतः एका अभावावर उभा होता. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही; प्रतिकार नाही, म्हणजे संमती. वैद्यकीय कागदावरची कोरी जागा न्यायालयाने बाईचे उत्तर म्हणून वाचली.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र आपण चळवळीचा दस्तऐवज म्हणून ओळखतो. मला ते समीक्षेचा उत्तम नमुनाही वाटते. संमती आणि शरणागती हे दोन शब्द निकालाने एक करून टाकले होते. पत्राने ते वेगळे करून दाखवले. पुढे देशभर आंदोलने झाली, मुंबईत १९८० मध्ये बलात्काराविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे बाईने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे कलम तेव्हा आले. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाचे परिणाम कुठवर जातात आणि नेमक्या वाचनाचे कुठवर, हे दोन्ही या एका प्रकरणात दिसते.

आता कौटुंबिक हिंसेच्या कागदाकडे येऊ. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या नियमांना जोडलेला पहिला नमुना म्हणजे ‘कौटुंबिक घटना अहवाल’, बोलीत ‘डीआयआर’. हा अर्ज एकदा तरी संथपणे वाचण्यासारखा आहे. मारहाण तर त्यात आहेच; शिवाय लैंगिक हिंसा, शाब्दिक आणि भावनिक हिंसा, आर्थिक हिंसा अशा वर्गवाऱ्या आहेत. मुलगा झाला नाही म्हणून अपमान, चारित्र्यावर शिंतोडे, नोकरी करू न देणे, औषधाला पैसे न देणे, घराच्या एखाद्या भागात जाऊ न देणे, पगार काढून घेणे, स्त्रीधन विकणे किंवा गहाण ठेवणे, असे प्रकार एकेक करून मांडले आहेत. ज्या गोष्टींना घरात ‘स्वभाव’ म्हणतात, त्यांना या कागदाने नाव दिले. अर्ज पुढ्यात असलेल्या बाईला आपल्यासोबत घडते ते कुठेतरी आधीच छापलेले आहे हे दिसते. सरकारी मजकुराने क्वचितच साधलेली ही गोष्ट आहे.

पण या अर्जाची एक मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. त्याचा तक्ता तारीख, जागा आणि वेळ विचारतो. म्हणजे हिंसा ही ‘घटना’ असते, असे तो धरून चालतो. घरातली हिंसा बहुधा घटना नसते, ती रीत असते. ‘रोजचेच आहे’ हे उत्तर तक्त्यात बसत नाही. मग लिहिणारा एखादी तारीख काढून घेतो, आणि उलटतपासणीत तीच तारीख बाईवर उलटते.

याच नियमांत पाचवा नमुना आहे, ‘सुरक्षा आराखडा’. तो झालेल्या हिंसेबरोबर पुढची भीतीही विचारतो : तुम्हाला कशाची धास्ती वाटते, त्यासाठी काय उपाय हवा, न्यायालयाकडून कोणता आदेश हवा. माझ्या मते या सगळ्या कागदांत हा मजकूर श्रेष्ठ आहे, कारण यात बाई साक्षीदार राहत नाही, आपल्या आयुष्याची जाणकार होते.

दवाखान्याचा कागद वेगळ्याच व्याकरणाचा. तो ‘कशाने लागले’ हे विचारतो; ‘कोणी मारले’ हे विचारायचे की नाही, हे समोरच्या माणसावर सोडतो. ‘पडून जखम’ या दोन शब्दांत कर्ता नाहीसा होतो. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, त्याचे मोल इथे कळते. जखमेमागचा प्रश्न विचारणे हे आरोग्यसेवेचेच काम आहे, असे त्याने मानले, आणि पुढे शहरातल्या इतर रुग्णालयांतही ते रुजले. लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही सांगितले, आणि २०२२ मध्ये न्यायालयाला ते पुन्हा सांगावे लागले. छापील रकाना गेला तरी लिहिणाऱ्या हाताची सवय जात नाही.

पोलिसांच्या बाबतीत महाराष्ट्राने फार लवकर एक प्रयोग केला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अमेरिकेतल्या डुलूथ शहरात पोलिस, न्यायालय आणि आधारगट यांना एका धोरणाने बांधण्याचा गाजलेला प्रयत्न १९८१ चा, म्हणजे जवळजवळ त्याच काळातला. विशेष कक्षाची कल्पना साधी होती : प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसेल, पण पोलिसांची भाषा बोलणार नाही. ‘अदखलपात्र’ या शिक्क्याने जिचा विषय तिथेच संपला असता, तिच्याशी बोलणे तिथून सुरू होऊ शकले.

आणि समाज? त्याचा कागद बहुधा तोंडीच असतो. ऑगस्ट २००७ मध्ये राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, वाटेची भांडणे गावात मिटावीत हा हेतू चांगलाच. पण ‘तंटा’ या शब्दाला दोन सारखे पक्ष लागतात. नवऱ्याने बायकोला मारले, त्यात दुसरा पक्ष कोणता? मिटवण्यावर बक्षीस असेल, तर गप्प बसवणे आणि मिटवणे यांतले अंतर कोण मोजणार? ‘दोघांनाही समजावले’ हे वाक्य आपल्याला समंजस वाटते. २००६ चे नियम त्याच्या नेमके उलट सांगतात. समुपदेशनात पुरुषाने आपल्या हिंसेचे समर्थन करायचे नाही आणि पुन्हा तसे करणार नाही अशी हमी द्यायची, असे त्यांत आहे. कायद्याची भाषा इथे गावाच्या शहाणपणापेक्षा पुढे आहे, हे मान्य करायला हवे.

मग समन्वय कुठे अडतो? अधिनियमाचे ११ वे कलम विधी, गृह, आरोग्य इत्यादी खात्यांच्या सेवांत समन्वय ठेवणे आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेणे, हे शासनाचे कर्तव्यच ठरवते. या रचनेचा कणा संरक्षण अधिकारी. पण अनेक ठिकाणी तो दुसऱ्या पदाचा भार सांभाळून हे काम करत आला. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करा, असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. दरम्यान राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. म्हणजे बहुतेक हकिकती एकाही कागदापर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या पोहोचतात त्यांच्या वाट्याला तरी चार वेळा तेच सांगणे, आणि चार सांगण्यांतल्या फरकावरून खोटे ठरणे, येऊ नये.

यावर ‘सर्वांसाठी एकच कागद करा’ असे कोणी सुचवेल. ते मला धोक्याचे वाटते. पहिल्या दिवशी घाबरून सांगितलेले तेवढेच कायमचे खरे ठरेल. बाई सहसा आधी मारहाण सांगते, लैंगिक हिंसा फार उशिरा. तिला भर घालण्याचा, दुरुस्तीचा हक्क हवा, आणि उशिरा सांगितले म्हणजे बनवून सांगितले असे वाचायचे नाही, हे चारही दप्तरांनी मान्य केलेले हवे. न्यायालयाच्या आदेशाची प्रत विनामूल्य पक्षकारांना, पोलिसांना आणि सेवा देणाऱ्या संस्थेला जावी, असे २४ वे कलम म्हणतेच. कागद वरून खाली येण्याची सोय कायद्याने केली आहे. खालून वर जाताना मात्र तो तिच्या हातून सुटतो.

आपल्याकडच्या पोलिसी जबाबांच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : जबाब वाचून पाहिला, तो ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे’. फिर्यादीच्या जबाबाखाली सही किंवा अंगठाही असतो. फिर्याद देणाऱ्याला ती वाचून दाखवावी, हा नियम जुना आहे. दवाखान्याच्या केसपेपरपासून समितीच्या इतिवृत्तापर्यंत प्रत्येक कागदाला तो लागू करावा, तिला कळेल अशा मराठीत, आणि तिथे गोंडी किंवा भिली बोलणारी बाई असेल तर तिच्या बोलीत. खात्यांच्या बैठका त्यानंतरही होऊ शकतील.